पाठीवर लेकराचे पाय : थाई मालिशीची ओळख



दिवसभर वाकून काम केलेली आजी संध्याकाळी ओसरीवर पालथी पडते आणि नातवाला हाक मारते, "ये रे राजा, पाठीवर पाय दे." नातू भिंतीला धरून तिच्या पाठीवर उभा राहतो. चार पावलं खाली, चार पावलं वर. आजी म्हणते, "हां, तिथंच. थांब जरा." लहानपणी आजीच्या पाठीवर अशा फेऱ्या कुणाकुणी मारल्यात, असं आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत विचारलं, तर एकूण एक हात वर गेला. आमच्या येलदरीच्या आज्यांच्या पाठी तर धरणानं वाकवल्या. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. त्याच्या कामावर मातीच्या पाट्या वाहिलेल्या म्हाताऱ्या अजून आमच्यात आहेत. त्यातली एक आजही पणतूला पाठीवर बोलावते.

आज आपण थाई मालिशीबद्दल बोलणार आहोत. नाव ऐकून काही जणी हसल्या असतील. आम्हीही हसलो होतो. झालं असं, की गटातल्या एकीच्या पुतणीला फोनवर मेसेज आला : थाई मसाज शिका, पंधरा दिवसांत शहरात नोकरी, राहणं-जेवण फुकट. पोरगी बारावी झालेली, घरी बसून कंटाळलेली. काकूनं तो मेसेज बैठकीत सगळ्यांना दाखवला. एक म्हणाली, "असलं काही नको गं बाई, ते वंगाळ असतं." दुसरी म्हणाली, "सुईणमावशीनं तुला बाळंतपणात चोळलं ते काय वंगाळ होतं का?" दोघींचं काही पटेना. मग ठरलं, की आधी आपण समजून घेऊ, मगच पोरीला काय ते सांगू. वाचलं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आपल्याकडं मालिश म्हटलं की तेल आलंच. बाळंतिणीला तेल, बाळाला तेल, मुका मार लागला तरी तेल. थाई मालिशीत तेल नसतं आणि अंगावरचे कपडेही काढायचे नसतात. जमिनीवर जाड गादी किंवा चटई टाकलेली असते, तिच्यावर माणूस सैल कपडे घालून झोपतो. मालिश करणारी बाई शेजारी गुडघ्यांवर बसते. ती चोळत नाही, दाबते. आधी तळहातानं, मग अंगठ्यानं, काही ठिकाणी कोपरानं, गुडघ्यानं आणि पावलानंसुद्धा. मधूनमधून हात किंवा पाय धरून हळूहळू ताणते, वळवते. सुरुवात तळपायापासून होते. मग पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, खांदे असं वर जात शेवटी डोकं. सगळ्याला एक ते दोन तास लागतात. आता तिकडच्या दुकानांत तेलाची मालिशही मिळते, पण जुनी पद्धत ही, कपड्यांवरून दाबायची. तिला तिथं 'नुअत थाई' म्हणतात. नुअत म्हणजे दाबणं, चेपणं.

हे कुणासाठी सुरू झालं, तेही ऐका. राजवाड्यात मालिश होत होतीच, पण मूळ मात्र शेतात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोनं नुअत थाईला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीत म्हटलंय, की जुन्या थाई शेतकरी समाजात लोक स्वतःची काळजी जशी घ्यायचे त्यातून ही कला आली. गावागावात मालिश जाणणारी माणसं असायची आणि कामानं अंग आंबलं की लोक त्यांच्याकडं जायचे. थायलंड भाताचा देश. चिखलात उभं राहून, कमरेत वाकून रोप लावायचं. आपण सोयाबीन खुरपतो, कापूस वेचतो, ऊसतोडीला जातो, तेव्हा कंबर जी बोलते तीच भाषा त्यांच्याही कमरेची.

आणि पाठीवरचं लेकरू? तेही तिथं आहे. १६८७ साली फ्रान्सच्या राजाचा वकील द ला लूबेर त्या देशात गेला होता. तेव्हा त्या देशाला सयाम म्हणत. त्यानं आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं, की तिथं कुणी आजारी पडलं की जाणकार माणूस त्याच्या अंगावर चढून पायांनी तुडवतो. पुढं असंही लिहिलं, की गरोदर बाया बाळंतपण सोपं जावं म्हणून लहान लेकराकडून अंग तुडवून घेतात असं सांगतात. (हे शेवटचं कुणीही करायचं नाही, त्याबद्दल पुढं बोलू.) आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात, पायाकडून जन्मलेल्यानं कमरेला पाय लावला की उसण उतरते म्हणतात. पायाळूच्या पायात काही वेगळं असतं असं आम्हाला वाटत नाही. पण पायाचा दाब दुखऱ्या जागेला बरा वाटतो, एवढं आपल्या आज्यांनाही कळलं होतं आणि सयामच्या आज्यांनाही.

फरक पुढं पडला. आपल्याकडं हे ज्ञान सुईणीच्या हातात राहिलं आणि सुईण गेली की तिच्याबरोबर गेलं. त्यांच्याकडंही तसंच होण्याची वेळ आली होती. १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्यानं त्यांची राजधानी अयुथ्थया जाळली. हे नाव आपल्या अयोध्येवरूनच पडलंय. त्या आगीत वैद्यकाच्या कितीतरी पोथ्या गेल्या. नंतर बँकॉकमध्ये नवी राजधानी झाली, आणि १८३० च्या दशकात तिसऱ्या राम राजानं वाट फो नावाच्या बौद्ध मंदिराच्या दुरुस्तीत उरलंसुरलं ज्ञान गोळा करून दगडांवर कोरून घेतलं. औषधांचे पाठ कोरले, आणि माणसाच्या अंगावर कुठं दाबायचं हे दाखवणारी साठ चित्रंही. मंदिरात येईल त्यानं वाचावं, बघावं, शिकावं. १९५५ साली त्याच मंदिरात पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली. आज जगभरातून माणसं तिथं मालिश शिकायला जातात.

त्या मंदिराच्या आवारात ऋषींचे पुतळे आहेत. कुणी पाय मानेपर्यंत नेलाय, कुणी हात मागं वळवलाय, कुणी स्वतःचाच खांदा दाबतोय. त्यांना 'रुसी दात तोन' म्हणतात, म्हणजे स्वतःचं अंग वाकवणारे ऋषी. रुसी हा आपला ऋषीच. मालिश करायला दुसरं माणूस नसेल तर स्वतःचं अंग स्वतः कसं मोकळं करायचं, ते हे पुतळे दाखवतात.

आमच्या गटातल्या बौद्ध मैत्रिणींना आणखी एक ओळखीचं नाव भेटलं. थायलंडमध्ये मालिश करणाऱ्या बाया कामाला हात लावण्याआधी हात जोडून ज्या गुरूचं स्मरण करतात तो जीवक, भगवान बुद्धांचा वैद्य. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेलं ते मूल राजपुत्र अभयानं वाढवलं. जीवक तक्षशिलेला जाऊन सात वर्षं वैद्यकी शिकला. शेवटी गुरूनं सांगितलं, गावाभोवती योजनभर फीर आणि औषध नाही अशी एक तरी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हातानं परत आला आणि म्हणाला, अशी एकही सापडली नाही. गुरू म्हणाले, झालं तुझं शिक्षण. ही गोष्ट विहारात अनेकींनी ऐकलेली होती, पण जीवकाची आठवण तिकडं मालिशीच्या गादीशेजारी निघते हे कुणालाच माहीत नव्हतं. जीवकानं स्वतः थाई मालिश केली असा काही पुरावा नाही, पण तिथले लोक त्याला या विद्येचा बाप मानतात.

थाई मालिशीचे जाणकार सांगतात, की अंगात वाऱ्याच्या दहा वाटा आहेत. त्यांना 'सेन' म्हणतात. वाट अडली की दुखणं, मोकळी झाली की आराम. पहिल्या तिघींची नावं इथा, पिंगखला आणि सुमना. आमच्यातल्या योगाच्या वर्गाला जाणाऱ्या एकीनं लगेच ओळखलं, की ह्या तर इडा, पिंगला, सुषुम्ना. शरीर उघडून पाहिलं तर अशा नळ्या सापडत नाहीत, हे मात्र सांगायला हवं. त्या वाटा म्हणजे कुठून कुठं दाबत जायचं हे लक्षात ठेवायची खूण आहे, असं आम्ही समजतो.

मग फायदा होतो का? होतो, पण किती आणि कशाचा, हे नीट समजून घेऊ. सारखं वाकून राहिलं की पाठीचे आणि मांड्यांच्या मागचे स्नायू ताठ होतात. हळू दाब दिला आणि ताणलं की ते सैल पडतात, दुखणं काही काळ कमी होतं, झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर काय करावं याच्या सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, दुखण्याबद्दल रुग्णाला नीट समजावून सांगणं आहे, आणि मालिशही आहे. काय करू नये तेही आहे, आणि त्यात कमरेचा पट्टा आला. आमच्या गटात तिघींनी आठवडी बाजारातून पट्टे घेतलेले निघाले. एकीनं तर उधारीवर.

मालिश हे औषध नव्हे. सरकलेली चकती मालिशीनं जागेवर जात नाही. झिजलेला गुडघा भरून येत नाही. रक्त कमी असल्यानं येणारा थकवा जात नाही, आणि आपल्यात तो बऱ्याच जणींना असतो. अंगावरून पांढरं जाऊन कंबर दुखत असेल तर कितीही चेपली तरी उपयोग नाही, तपासणीच करावी लागते. कुणी म्हणालं, की आमच्या मालिशीनं शुगर जाते, मूल होतं, गाठ विरते, तर तिथून उठून यायचं.

तरीही आम्ही हा विषय एवढा का लावून धरला? वेचणीच्या दिवसांत आपण काय करतो ते आठवा. सकाळी चहाबरोबर एक दुखण्याची गोळी, काही जणी दुपारी आणखी एक. मेडिकलमधून सुटी पट्टी आणायची, पिशवीत ठेवायची, एकमेकींना द्यायची. आम्ही मोजलं नाही, पण बैठकीत विचारल्यावर ज्यांनी मान खाली घातली त्या निम्म्याहून जास्त होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, या गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्या तर पोटात जखमा होतात आणि पुढं मूत्रपिंडाला इजा होते. रोजंदारी बुडते म्हणून गोळी, आणि गोळीनं दुखणं कळत नाही म्हणून आणखी वाकायचं. मालिशीनं हे चक्र थांबेल असं आम्ही म्हणत नाही. पण संध्याकाळी वीस मिनिटं कुणी पाय आणि पाठ दाबून दिली, तर दुसऱ्या दिवशीची गोळी टळू शकते. एवढ्यासाठीच हे शिकावंसं वाटलं.

पण दाबून देणार कोण? आपल्याकडं पाय चेपायचे ते धाकट्यानं थोरल्याचे. सून सासूचे चेपते, बायको नवऱ्याचे. सुनेचे कोण चेपतं? बैठकीत हा प्रश्न आला आणि सगळ्या गप्प झाल्या. मग एक साठीची काकू म्हणाली, "माझे तर माझ्या आईनंतर कुणी चेपले नाहीत." थायलंडमध्येसुद्धा पाय हा अंगाचा सगळ्यात हलका भाग मानतात, कुणाकडं पाय करून बसत नाहीत. तरी मालिशीच्या दुकानात आलेल्या माणसाचे पाय आधी धुतात, आणि मालिश तिथूनच सुरू करतात. म्हणून आम्ही ठरवलं, की घरात कुणी चेपो न चेपो, गटात आपण एकमेकींचे चेपायचे. थोरली-धाकटी असा हिशोब नाही, चिठ्ठी टाकून पाळी.

कसं करायचं ते आता सांगतो. ही पूर्ण थाई मालिश नाही, ती शिकायला महिने लागतात. त्यातलं घरी निर्धास्त करता येईल तेवढंच आम्ही उचललंय.

जमिनीवर दोन गोधड्या घाला. खाटेवर नको, खाट दबते आणि दाब वाया जातो. अंगात सैल कपडे हवेत. नऊवारी लुगडं असेल तर फारच छान, पाय मोकळे होतात. पाचवारीवालीनं लेकीचा पंजाबी ड्रेस घालावा. आमच्याकडं यावरून एवढं हसू झालं, की पहिल्या दिवशी अर्धा वेळ त्यातच गेला. जेवणानंतर लगेच करू नका, तास-दोन तास जाऊ द्या. दाबणारीनं नखं कापलेली हवीत, बांगड्या आणि अंगठ्या काढलेल्या.

जिला दाबायचं तिला पालथी झोपवा, मान एका बाजूला वळवलेली. तुम्ही तिच्या पायांशी गुडघ्यांवर बसा. ज्वारीची भाकरी करताना पीठ कसं मळता? हात कोपरात ताठ आणि अंगाचा भार तळहाताच्या टाचेवर, बोटांत जोर नाही. अगदी तसंच इथं. पुढं झुकायचं, भार द्यायचा, तीन श्वास थांबायचं, मागं यायचं. आधी तळपाय, टाचेपासून बोटांपर्यंत. मग पोटऱ्या, पण तिथं हात अगदी हलका. गुडघ्याच्या मागच्या खळगीवर अजिबात दाबायचं नाही, तिथून रक्तवाहिन्या जातात. मग मांड्या, मग कुल्ले. इथं थोडा जास्त भार चालतो, आणि वाकून काम करणारीला इथंच सगळ्यात बरं वाटतं.

पाठीला मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यापासून दोन बोटं सोडून, कमरेपासून खांद्यांपर्यंत. मणक्यावर कधीच दाबायचं नाही. बरगड्यांच्या खाली, कमरेच्या वरच्या मऊ भागात मूत्रपिंडं असतात, तिथंही जोर नको. खांद्यांवर मानेच्या कडेला जे ताठ स्नायू लागतात, पाट्या-हंडे वाहून ते दगडासारखे झालेले असतात, ते तळहातानं हळू दाबा. दर थोड्या वेळानं विचारत राहा, "जास्त होतंय का गं?" बरं वाटणारं दुखणं वेगळं आणि नको असलेलं दुखणं वेगळं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ती श्वास रोखायला लागली की समजायचं भार जास्त झालाय. अंगठ्यानं फार दाबू नका. रोज मालिश करणाऱ्या बायांचे अंगठे आणि मनगटं आधी जातात, म्हणूनच थाई बाया कोपर आणि गुडघे वापरतात. ते मात्र शिकल्याशिवाय आपण वापरायचं नाही.

शेक द्यायचा असेल तर त्यांची एक युक्ती आपल्याला सहज जमेल. ते औषधी पाल्याची पुरचुंडी बांधतात, तिला 'लुक प्राकोप' म्हणतात. आत आल्या-हळदीच्या जातीची प्लाय नावाची गड्डी, हळद, गवती चहा, ईडलिंबासारख्या एका लिंबाची साल, चिंचेचा पाला, मीठ आणि कापूर. हे कुटून सुती कापडात गच्च बांधायचं, वाफेवर गरम करायचं आणि दुखऱ्या जागी टेकवत जायचं. प्लाय आपल्याकडं सहसा मिळत नाही, पण हळद? वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन मिळालंय. बाकीचंही परसात असतं. आपल्या आज्या निर्गुडीचा पाला घालायच्या, तोही चालतो. पुरचुंडी आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसला तर थांबा. जिला शुगर आहे तिच्या पायांना शेक नको. तिला चटका कळत नाही, फोड येतो आणि जखम भरत नाही.

बाळंतिणीला शेकायची रीतही दोन्हीकडं सारखीच. आपण बाजेखाली शेगडी ठेवतो, तिकडं बाळंतीण विस्तवाशेजारी झोपते, त्याला 'यू फाई' म्हणतात. खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवू नका. तो धूर दिसत नसला तरी मायलेकरांचा जीव घेतो. दार-खिडकी उघडी हवीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला मालिश करायची नाही?

गरोदर बाईला नाही. पोटाला तर हातच नाही लावायचा, मग सुईण म्हणो नाहीतर सासू, बाळ फिरवायला म्हणून पोट चोळणं धोक्याचं आहे. ताप असलेलीला नाही. नुकतं ऑपरेशन झालेलीला, सिझर झालेलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर तिला हातसुद्धा लावू नका. आत रक्ताची गाठ असू शकते आणि दाबल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. असं बाळंतपणानंतरही होतं. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांच्यावर दाब नको. हाड मोडल्याचा संशय असेल तर आधी एक्स-रे. खरूज-नायटा असेल तर आधी तो बरा होऊ द्या.

मान कडकन मोडायची नाही. आपल्याकडं केस कापणारा दादा शेवटी मान मोडतो, पुरुषांना ते फार आवडतं. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. झटक्यानं त्या फाटल्या तर लकवा मारतो. घरातल्या पुरुषांनाही हे सांगा.

कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडायला लागले, पायातली ताकद गेली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मालिश, पायाळू, लेप, काही नाही. त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकलं तर पाय कायमचे जाऊ शकतात.

परत त्या मेसेजकडं येऊ. वंगाळ म्हणणारी मैत्रीण अगदीच चुकीची नव्हती. मसाजच्या पाटीआड पोरींना देहविक्रीत ढकलतात, हे आपल्या शहरांतही होतं आणि थायलंडमध्येही होतं. पण पाटी खोटी असली म्हणून विद्या खोटी ठरत नाही. त्याच देशात मालिश करणाऱ्यांना सरकारी मान्यतेचा दीडशे तासांचा अभ्यासक्रम करावा लागतो. डोळ्यांनी न दिसणारी माणसं ती शिकून पोट भरतात. चियांग माई शहराच्या महिला तुरुंगातल्या बायांना सुटकेआधी मालिश शिकवतात, म्हणजे बाहेर आल्यावर हातात काम असतं. आपल्या देशातही कौशल्य विकासाच्या अभ्यासक्रमांमध्ये स्पा थेरपिस्ट नावाचा अभ्यासक्रम आहे. आणि पुण्या-मुंबईत बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या मावश्या घरोघरी जाऊन संसार चालवतातच की.

म्हणून पुतणीला आम्ही नको म्हणालो नाही. फोन कर आणि विचार, असं सांगितलं. जागेचा पूर्ण पत्ता काय? आम्ही घरची दोन माणसं आधी येऊन बघू का? शिकवणार कोण, आणि प्रमाणपत्र कुणाचं? पगार लेखी देणार का? बाईला बाईच मालिश करणार का, की पुरुष गिऱ्हाईकही घ्यावं लागेल? आधार कार्ड मूळ मागणार की झेरॉक्स? मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, उचल घ्यायची नाही. दुखऱ्या कमरेला समजून घ्यायला महिने लागतात, तर पंधरा दिवसांत काय शिकवणार, हाही प्रश्नच. पोरीनं आमच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. दुसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस चिडला, तिसऱ्याला फोन बंद. आता ती परभणीला जाऊन कौशल्य विकासाच्या कचेरीत चौकशी करणार आहे, काकू बरोबर जाणार आहे. तुमच्या गावात कुणी पोर अशा नोकरीत अडकली असेल, तर महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर चोवीस तास लागतात. फोन फुकट आहे.

आमच्या गटाची मालिश आता दर पंधरा दिवसांच्या बैठकीनंतर होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की गोधड्या पसरतात. मागच्या वेळी धरणावर पाट्या वाहिलेली आमची म्हातारीही आली होती. तिला पाठीवर लेकरूच उभं करून हवं होतं. आम्ही नाही म्हणालो. या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, लेकराच्या भारानंही मणका दबू शकतो. ती रुसली, म्हणाली, "इतकी वर्षं उभं केलं, तेव्हा नाही मोडला." शेवटी नुसते तळपाय दाबून घ्यायला तयार झाली, तेही एका अटीवर, की दाबणारीनं पाटी वाहायची गाणी ऐकून घ्यायची. दुसरा पाय हातात घेतला तेव्हा गाणं थांबलं होतं. बघितलं तर म्हातारी झोपली होती.